आधी प्लग, मग लाइट: दाखवण्याजोगा गेमिंग सेटअप घरी कसा लावायचा

दोन वर्षांपूर्वी मी माझ्या सेटअपचा पहिला फोटो मित्रांच्या ग्रुपवर टाकला. नवा मॉनिटर, जांभळे लाइट, काचेचा कॅबिनेट (म्हणजे पीसीचा डबा), सगळं झगझगीत. आता वाहवा येणार म्हणून मोबाइल हातात धरून बसलो. पहिला रिप्लाय आला, "टेबलाखाली कुरडया वाळत घातल्यात का?"

वायरी. फोटोत सगळ्यात आधी त्याच दिसत होत्या. ग्रुपवरच्या कोणीच माझ्या ग्राफिक्स कार्डाबद्दल अवाक्षर काढलं नाही.

नंतर कळलं की माझा क्रमच उलटा होता. फोटोत जे चमकतं ते मी आधी घेतलं: लाइट, मग कीबोर्ड, मग कॅबिनेट. टेबल जुनंच, प्लग जिथे होता तिथेच, आणि अर्थिंग म्हणजे काय ते कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तेव्हा समजलं. पुढे सगळं उपसून पुन्हा लावलं, या वेळी भिंतीतल्या प्लगपासून सुरुवात करून. तोच क्रम इथे देतोय. माझं घर पुण्यातलं वन बीएचके, सेटअप हॉलच्या कोपऱ्यात, एका बाजूला दिवाण आणि वर देव्हारा. तुमच्याकडे वेगळी खोली असेल तर नशीबवान आहात, पण पायऱ्या याच.

सुरुवातीला जवळ काय हवं

हत्यारं फार लागत नाहीत:

- मापाची टेप आणि पाणसळ (मोबाइलमधली पाणसळही चालते)
- मध्यम आकाराचा स्टार स्क्रू ड्रायव्हर, शक्यतो चुंबकाच्या टोकाचा
- वेल्क्रोच्या पट्ट्या, निदान वीस-पंचवीस
- कागदी मास्किंग टेप आणि मार्कर
- अर्ध्या इंचाचे स्क्रू. अर्ध्याच इंचाचे. कारण पुढे येतंय.
- रंगाचा नवा कोरा ब्रश, मायक्रोफायबरचं फडकं
- जुनी गोधडी (हेही पुढे)

कागदपत्रं म्हणजे प्रत्येक पार्टाचं जीएसटी बिल, आणि त्या बिलावर सीरियल नंबर. बाजारात "बिल नको असेल तर एवढे कमी" असं ऐकायला मिळतं. मोह आवरा. दीड वर्षाने मॉनिटरवर उभी रेघ आली की वॉरंटीसाठी पहिला प्रश्न बिलाचाच असतो, आणि कच्च्या चिठ्ठीला तिथे कोणी विचारत नाही. खोका उघडताना सीलपासून शेवटपर्यंत सलग व्हिडिओ काढा. सीरियल नंबरच्या स्टिकरचे फोटो एका फोल्डरमध्ये ठेवा, कारण नंतर मॉनिटर भिंतीला टेकला की मागचा नंबर वाचायला मान आणि टॉर्च दोन्ही वाकवावे लागतात. भाड्याचं घर असेल तर भिंतीला भोक पाडण्याआधी मालकाला विचारून घ्या, आणि हो म्हणाले तर तसा मेसेज मागून ठेवा.

१. प्लग आणि अर्थिंग

कंटाळवाणी पायरी आहे, म्हणूनच सगळे टाळतात. मीही टाळली होती.

माझ्या झिणझिण्यांची गोष्ट अशी. अनवाणी पायाने फरशीवर उभा राहून कॅबिनेटच्या मागच्या स्क्रूला बोट लागलं की मुंग्या यायच्या. हेडफोनमध्ये बारीक गुणगुण. मला वाटलं एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा आतला डबा, खराब. प्रत्यक्षात प्लगचं तिसरं, मोठं भोक नुसतं शोभेचं होतं. मागे वायरच नव्हती. एसएमपीएसच्या तोंडाशी एक फिल्टर असतो, तो थोडासा करंट अर्थकडे सोडतो. अर्थ नसेल तर तो करंट कॅबिनेटच्या पत्र्यावर अडकून राहतो आणि पत्र्यावर साधारण निम्मा दाब, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास दिसतो. करंट बारीक असल्यामुळे नुसत्या मुंग्या येतात. पण खरंच आत काही शॉर्ट झालं तर त्याच पत्र्यावर पूर्ण २३० येतील आणि फ्यूजही उडणार नाही.

वायरमनला बोलवा आणि मीटरवर तीन आकडे दाखवायला सांगा. स्वतः मीटर चालवायची सवय नसेल तर हा प्रयोग करू नका.

फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० च्या आसपास. फेज आणि अर्थमध्येही जवळपास तेवढाच. न्यूट्रल आणि अर्थमध्ये एक-दोन व्होल्ट. फेज-अर्थचा आकडा ८०-१०० असा काहीतरी अधांतरी आला तर अर्थ जोडलेलाच नाही असं समजा.

इथे एक सापळा आहे. काही जण वेळ वाचवायला प्लगच्या मागेच न्यूट्रल आणि अर्थ तारेच्या तुकड्याने जोडून टाकतात. मीटर सगळं ठीक दाखवतो. पण उद्या न्यूट्रलची वायर कुठे तुटली तर तुमच्या कॅबिनेटवर थेट फेज येईल. पीसी चालू असताना न्यूट्रल-अर्थमध्ये काटेकोर शून्य दिसलं तर प्लेट उघडून मागे बघायला लावा. माझ्याकडे वायरमनने स्वयंपाकघरातल्या बोर्डापासून हिरवी वायर ओढली. सातशे रुपये आणि एक दुपार. सेटअपवर मी केलेल्या खर्चात याहून वसूल झालेला खर्च दुसरा नाही, आणि फोटोत तो कुठेच दिसत नाही.

यूपीएस घ्यायचाच. लाइट गेल्यावर खेळत राहायला नव्हे, सेव्ह करून नीट बंद करायला. ६०० व्हीएचा साधा यूपीएस साधारण ३६० वॅट झेपवतो, ११०० व्हीएचा साधारण ६६०. खोक्यावरचा मोठा आकडा व्हीएचा असतो. तुम्हाला बघायचाय तो वॅटचा. ग्राफिक्स कार्ड असलेला पीसी खेळताना ३००-४०० वॅट सहज ओढतो, त्यामुळे ६०० व्हीए नेमका तुम्ही खेळत असताना टाकून जातो. काही चांगल्या एसएमपीएसना स्वस्त यूपीएसची बॅटरीवरची पायऱ्या-पायऱ्यांची वेव्ह रुचत नाही आणि लाइट जाताच पीसी बंद पडतो. म्हणून नवा यूपीएस आणला की पहिल्याच दिवशी, गेम चालू ठेवून, भिंतीवरचं बटण बंद करून बघा. परत करायची मुदत असते तेव्हाच हे कळलेलं बरं. घरी इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागचं बटण यूपीएस मोडवर आहे ना ते पाहा; दुसऱ्या मोडमध्ये पंखा अडत नाही, पण पीसी रीस्टार्ट होतो.

आणि ज्या बोर्डावर पीसी आहे त्या बोर्डावर इस्त्री नाही. घरात हे एकदा मोठ्याने सांगून ठेवा.

२. टेबल

जागा ठरवताना खिडकी मॉनिटरच्या समोर नको, मागेही नको, बाजूला हवी. समोर असेल तर स्क्रीनमध्ये खिडकी दिसते, मागे असेल तर डोळे दिपतात. मॉनिटरमागच्या भिंतीपलीकडे स्वयंपाकघर असेल आणि दार उघडं राहत असेल तर फोडणीची वाफ येऊन धुळीचा चिकट थर बसतो, तो नुसत्या फडक्याने निघत नाही. माझ्या डोक्यावर देव्हारा आहे. उदबत्तीची राख सहा महिने कीबोर्डवर पडायची. शेवटी उदबत्तीचं घर देव्हाऱ्याच्या उजवीकडून डावीकडे गेलं. आईने त्यासाठी माझ्याकडून काय काय कबूल करून घेतलं ते इथे लिहीत नाही.

आता मापं. ऑनलाइन मिळणारी बरीच स्वस्त टेबलं २० ते २४ इंच खोल असतात. मॉनिटरचा स्टँडच आठ-नऊ इंच खातो, मग कीबोर्ड, मग तुमचे हात, आणि नाक स्क्रीनला टेकतं. २७ ते ३० इंच खोली घ्या. रुंदी एका मॉनिटरला चार फूट, दोन असतील तर पाच.

उंचीत सगळे फसतात. सुताराला सांगितलं नाही तर तो ३० इंच करतो, कारण जेवणाचं टेबल तसंच असतं. तुम्ही ज्या खुर्चीवर बसणार त्यावर बसा, पाय जमिनीला टेकवा, कोपर काटकोनात वाकवा, आणि कोपरापासून जमिनीपर्यंत टेप लावायला कोणाला तरी सांगा. माझं माप साडेसत्तावीस आलं. जुन्या टेबलावर माझे खांदे रात्रभर का दुखायचे ते त्या दिवशी कळलं.

मी सुताराकडूनच करून घेतलं. १९ मिमी प्लायचा आठ बाय चारचा पूर्ण शीट घेतला. पाच फूट बाय अडीच फूट टेबलासाठी कापल्यावर तीन बाय अडीचचा तुकडा आणि दीड फुटाची लांब पट्टी उरली. त्यात यूपीएसची फळी आणि भिंतीवरचं एक शेल्फ निघालं. लोखंडी पाय फॅब्रिकेटरकडून. सुताराला तीन गोष्टी आधीच बजावा: सनमायका मॅट हवा, कारण चकचकीत सनमायकात लाइटचं आणि तुमचंही प्रतिबिंब दिसतं. पुढची कड गोल करायची, नाहीतर तासाभरात मनगटावर रेघ उमटते. आणि मागच्या बाजूला वायरींसाठी ६० मिमीचं भोक, मध्यभागी नव्हे, जिकडे कॅबिनेट ठेवणार तिकडे. हे भोक नंतर पाडून घेतलं तर सनमायकाचे टवके उडतात.

तयार टेबल घेणार असाल आणि ते पार्टिकल बोर्डाचं असेल, तर मॉनिटर आर्मचा (टेबलाच्या कडेला आवळून मॉनिटर अधांतरी धरणाऱ्या हाताचा) क्लॅम्प थेट लावू नका. बोर्ड भुग्यासारखा दबतो. वरखाली प्लायचा किंवा पत्र्याचा तुकडा घाला. काचेच्या टेबलावर आर्म लावायचा विचारही नको.

खुर्चीबद्दल एकच सांगतो. रेसिंग गाडीच्या सीटसारखी दिसणारी रेक्झिनची खुर्ची फोटोत भारी दिसते. एप्रिल महिन्यात, पंख्याखाली, तीन तास तिच्यावर बसून दाखवा. मी मेशची ऑफिस खुर्ची घेतली.

३. मॉनिटर

२४ इंचाला १०८०पी, २७ इंचाला १४४०पी, अशी जोडी धरा (हा आकडा म्हणजे स्क्रीनवरच्या ठिपक्यांच्या आडव्या ओळी). २७ इंचावर १०८०पी घेतलं तर पैसे वाचतात, पण अक्षरं फुटलेली दिसतात, विशेषतः देवनागरी. जोडाक्षरं वाचताना फरक लगेच कळतो.

वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली, अंतर हात लांब केल्यावर बोटं पोचतील इतकं. आर्म घेणार असाल तर मॉनिटरच्या पाठीवर चार भोकं आहेत का ते आधी बघा. त्यांचं माप ७५ बाय ७५ किंवा १०० बाय १०० मिमी असतं. काही मॉडेलना ती नसतातच. आर्मचं कोपर मागे बाहेर येतं, त्यामुळे टेबल भिंतीला चिकटवून ठेवता येत नाही, चार-पाच इंच सोडावे लागतात. माझ्या मोजमापात हे नव्हतं. टेबल पुढे सरकलं आणि दिवाणाचा ड्रॉवर अर्धाच उघडायला लागला. अजूनही अर्धाच उघडतो.

केबल ग्राफिक्स कार्डात लावायची, मदरबोर्डाच्या भोकात नव्हे. ही चूक इतके जण करतात की लाजायचं कारण नाही. शक्यतो डिस्प्लेपोर्टची केबल वापरा, आणि काढताना तिच्या डोक्यावरचं बटण दाबून काढा. तिला आत खिटी असते. ओढलीत तर पोर्ट उचकटून येईल.

मग विंडोजमध्ये डिस्प्ले सेटिंगमध्ये अॅडव्हान्स्ड डिस्प्ले उघडून रिफ्रेश रेट, म्हणजे स्क्रीन सेकंदाला किती वेळा नवं चित्र दाखवते तो आकडा, बघा. १४४ किंवा १६५ हर्ट्झचा मॉनिटर घेऊन तो महिनोन्‌महिने ६० वर चालवणारे लोक मला माहीत आहेत. त्यातला एक मी.

४. कॅबिनेट

पीसी जोडण्यावर इथे लिहीत बसत नाही. त्याचे व्हिडिओ भरपूर आहेत. मुंबईकर लॅमिंग्टन रोडवर पार्ट घेऊन तिथल्या तिथे जोडून घेतात, तेही ठीक. मात्र घरी आणल्यावर हे बघा: रॅमच्या दोन कांड्या असतील आणि चार खाचा, तर त्या प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत हव्यात. बायोसमध्ये (पीसी सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी किंवा एक्स्पो ही रॅमच्या वेगाची सेटिंग चालू हवी, नाहीतर जास्त वेगाच्या रॅमचे पैसे मोजून ती हळूच चालते. आणि प्रोसेसरवरच्या कूलरच्या तळाचं पारदर्शक प्लॅस्टिक काढलंय ना, हे जोडणाऱ्याला विचाराच. कॅबिनेटसोबत "फ्री" मिळणारा एसएमपीएस फुकटातही परवडत नाही.

आता गोधडी. कॅबिनेटची काचेची बाजू टेम्पर्ड ग्लासची असते. मध्यावर मुठीने ठोकली तरी काही होत नाही, पण तिची कड सिरॅमिकच्या किंवा व्हिट्रिफाइड फरशीवर जरा टेकली की संपलं. काचेच्या आत ताण कोंडलेला असतो आणि फरशी त्या काचेपेक्षा कडक असते. कडेला सूक्ष्म तडा जायचा अवकाश, अख्खी काच एका क्षणात दाणे-दाणे होते. मी चारही स्क्रू काढले, काच हळूच, अगदी जपून, फरशीवर उभी टेकवली. सुतळी बॉम्बसारखा आवाज झाला. हातात काहीच उरलं नव्हतं. आई स्वयंपाकघरातून धावत आली, आणि मी पायाशी पसरलेल्या साखरेकडे बघत उभा. दिवाणाखालून दाणे निघत राहिले ते गणपतीच्या साफसफाईपर्यंत. तर: काच काढली की आडवी, गोधडीवर. आणि पायात चपला.

लाइटच्या पंख्यांची पिन लावताना नीट बघा. तीन पिनांचं एआरजीबी (प्रत्येक दाण्याचा रंग वेगळा बदलतो ते) ५ व्होल्टचं असतं, चार पिनांचं साधं आरजीबी (सगळे दाणे एकाच रंगाचे) १२ व्होल्टचं. ५ व्होल्टची पट्टी १२ व्होल्टवर गेली तर एकदाच पेटते.

कॅबिनेट थेट जमिनीवर ठेवू नका. झाडू मारताना उडालेली सगळी धूळ खालचा पंखा ओढून घेतो. तीन-चार इंच उंच फळीवर ठेवा, मागे हात जाईल इतकी जागा सोडा. मागच्या बाजूच्या रिकाम्या स्लॉटच्या पट्ट्या काढून टाकल्या असतील तर परत लावा. पावसाळ्यात पालींना उबदार जागा आवडते, आणि पुढचं मी सांगायला नको. ब्लोअरने साफ करताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, भरधाव फिरू देऊ नका.

५. वायरी

सेटअप दाखवण्याजोगा होतो तो इथे. एक सबंध रविवार राखून ठेवा.

सगळं बंद करा, सगळं उपटा. हो, सगळंच. अर्धवट लावलेल्या वायरी आवरायला गेलात तर गुंता नुसता जागा बदलतो. जमिनीवर पसरून दोन ढीग करा, एक पॉवरच्या वायरींचा, दुसरा डिस्प्ले, यूएसबी, लॅन, ऑडिओचा. प्रत्येकीच्या दोन्ही टोकांना मास्किंग टेपचा झेंडा लावून नाव लिहा. "कोणती काळी वायर कोणाची" हा प्रश्न पुढच्या वेळी टेबलाखाली उताणं पडून, तोंडात टॉर्च धरून सोडवायचा नसेल तर एवढं कराच. आमच्या बाबांनी तो ढीग पाहून विचारलं होतं, "हे सगळं एका गेमला लागतं?"

सगळ्याचा गाभा एवढाच: टेबलाकडून भिंतीकडे एकच वायर गेली पाहिजे. त्यासाठी एक्स्टेन्शन बोर्ड टेबलाच्या खालच्या बाजूला, मागच्या कडेला, उलटा लटकवायचा. बोर्डाच्या पाठीला चावीच्या भोकासारख्या दोन खाचा असतात. पाठीवर मास्किंग टेप लांब चिकटवा, खाचांच्या जागी पेनाने भोकं पाडा, ती टेप उचलून टेबलाखाली चिकटवा आणि त्याच खुणांवर स्क्रू मारा. टेपने मोजत बसलात तर दर वेळी दोन मिमी चुकतात. मग पीसी, मॉनिटर, स्पीकर सगळे त्या बोर्डात, बोर्ड यूपीएसमध्ये, यूपीएस भिंतीत. बोर्डात दुसरा बोर्ड खोचू नका.

आणि स्क्रू अर्ध्या इंचाचे. माझ्याकडे घरात पडलेले एक इंची होते. १९ मिमीच्या प्लायला २५ मिमीचा स्क्रू. मी खालून मन लावून पिळत होतो आणि वरती, नव्या कोऱ्या सनमायकातून, स्क्रूचं टोक बाहेर येत होतं. अजून आहे तो डाग. त्यावर माउसपॅड पसरलाय. मोठा, ९० बाय ४० सेंटिमीटरचा माउसपॅड घेण्यामागचं खरं कारण हे आहे.

पॉवरच्या वायरी टेबलाखाली एका बाजूने, बाकीच्या दुसऱ्या बाजूने न्या. ऑडिओची वायर पॉवरला लगटून गेली तर घरघर ऐकू येऊ शकते. बांधायला वेल्क्रोच. प्लॅस्टिकचे टाय आवळून बसतात, वायर दबते, आणि नवा हेडफोन आला की कात्री घेऊन सगळं कापायला बसावं लागतं. आर्मवरून जाणाऱ्या वायरींना कोपराशी सैल फास ठेवा. बांधून झाल्यावर मॉनिटर पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे शेवटपर्यंत फिरवून बघा, केबल ताणली जात नाही ना.

भिंतीवरून जाणाऱ्या त्या एकमेव वायरीला पीव्हीसीची केसिंग पट्टी मिळते. पुण्यात तापकीर गल्लीत, किंवा कोणत्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात. स्वतःच्या घरात स्क्रूने लावा आणि भिंतीच्याच रंगात रंगवा. भाड्याच्या घरात दुहेरी टेपने लावली तर काढताना डिस्टेंपरचा पापुद्रा सोबत येतो आणि डिपॉझिटमधून कापला जातो. तिथे वायर टेबलाच्या पायाला बांधून खाली उतरवा आणि स्कर्टिंगच्या कडेने न्या.

६. लाइट

आता आणा लाइट. पण कमी आणा.

पहिली पट्टी मॉनिटरच्या पाठीमागे, भिंतीकडे तोंड करून, पांढरी, ६५०० केल्विनची. अंधारात खेळताना डोळ्यांना बरं वाटतं आणि फोटोत मॉनिटर भिंतीपासून सुटा दिसतो. बाकी रंग एक, फार तर दोन. सगळे रंग एकदम फिरत असले की मिरवणुकीचा ट्रॅक्टर होतो.

नियम म्हणून एवढं पाळा की एलईडीचा दाणा दिसता कामा नये, त्याचा उजेड दिसावा. पट्टी शेल्फच्या मागच्या कडेला लावा किंवा दुधी झाकणाच्या अॅल्युमिनियम पट्टीत बसवा. मागचा चिकट थर भिंतीवर टिकत नाही, जुलैत तर नाहीच. रात्री दोनला ती गळ्यात पडते. लाकडावर किंवा सनमायकावर, स्पिरिटने पुसून, कोरड्यावर चिकटवा.

७. फोटो

सगळ्यात आधी, "आधीचा" फोटो काढून ठेवलाय का? नसेल तर पायरी एकच्याही आधी काढा. कुरडयांचा फोटो माझ्याकडे होता म्हणून नंतरच्या फोटोला मजा आली.

वेळ तिन्हीसांजेची. खिडकीतून निळसर उजेड येत असतो आणि आतले लाइटही उठून दिसतात. जेमतेम वीस मिनिटं मिळतात. रात्री काढलात तर लाइट सोडून सगळं काळं येतं. ट्यूब बंद करा. मॉनिटरचा ब्राइटनेस २०-३० टक्क्यांवर आणा, नाहीतर फोटोत स्क्रीन म्हणजे पांढरा चौकोन. वॉलपेपर साधा.

मोबाइलची लेन्स पुसा. ती कायम बोटांच्या तेलाने माखलेली असते आणि प्रत्येक दिव्याभोवती धुकं दिसतं. जवळ उभं राहून रुंद फोटो काढू नका, टेबलाच्या कडा वाकतात. चार पावलं मागे जा आणि दुप्पट झूम घ्या. माझ्याकडे चार पावलं मागे स्वयंपाकघराचा उंबरा आहे, तिथूनच काढतो. मोबाइल मॉनिटरच्या मध्याच्या उंचीवर, ग्रिड चालू, टेबलाची कड ग्रिडला समांतर. स्क्रीनवर बोट दाबून धरलं की एक्स्पोजर लॉक होतं, मग थोडं खाली ओढा. फोटोत आडवे काळे पट्टे येत असतील तर प्रो मोडमध्ये शटर १/५० किंवा १/१०० ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, त्याला ते जुळतं. तरीही एलईडी पट्टीचे पट्टे दिसले तर तिचा ब्राइटनेस पूर्ण करून बघा.

काढण्याआधी फ्रेममधून हे हलवा: पाण्याची बाटली, औषधाची पाकिटं, टीव्हीचा रिमोट, वाळत घातलेला टॉवेल, माळ्यावरून डोकावणारे खोके. खोके फेकू मात्र नका. वॉरंटीत पाठवताना आणि पुढे विकताना लागतात.

टाकण्याआधी फोटो मोठा करून कोपरे तपासा. राउटरच्या स्टिकरवर वायफायचा पासवर्ड असतो. कुरिअरच्या लेबलवर पत्ता आणि फोन. स्क्रीनवर उघडा ईमेल, टेबलावर लाइटबिल, खिडकीतून दिसणारी समोरच्या सोसायटीची पाटी. काळ्या स्क्रीनमध्ये आणि काचेच्या कॅबिनेटमध्ये फोटो काढणारा दिसतो. बनियनवर असाल तर तेही. मोबाइलच्या कॅमेऱ्यातलं लोकेशन बंद करा, फोटोच्या फाइलमध्ये ते नकळत जातं.

फोटोखाली पार्टांची यादी एकदाच नीट टाइप करून ठेवा: प्रोसेसर, कार्ड, रॅम, एसएमपीएस किती वॅटचा, मॉनिटरचं माप आणि हर्ट्झ, वॉलपेपर कुठला. वॉलपेपर नक्की विचारतात. आणि त्याच यादीत टेबलाची लांबी, खोली, उंची आणि प्लायची जाडी लिहा. दुसऱ्या वेळी मी फोटो टाकला तेव्हा ग्राफिक्स कार्डाबद्दल याही वेळी कोणी बोललं नाही. सुतार कुठला, एवढं मात्र अकरा जणांनी विचारलं.